गरज : तीनशे शब्दांत

९ जानेवारी

डॉक्टरांनी ही वही लिहायला लावली. उजवं मनगट कधी दुखतं, किती वेळ दुखतं आणि तेव्हा मी काय करत होतो, एवढंच लिहायचं. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. सूज नाही, हाड जागच्या जागी. तरी दुखतं. तीन महिने होत आले.

बरं होईपर्यंत आगीच्या बंबावर जायचं नाही, केंद्रात टेबलाचं काम. एकोणीस वर्षं बंबावर काढली आणि आता टाचण्या लावतोय.

आज सकाळी वर्दी आली, पुठ्ठ्याच्या गोदामाला आग. भोंगा झाला, सगळे पळाले, मी एकटा मागे. तेव्हा दुखलं. दहा मिनिटं. करत काहीच नव्हतो, पेन धरलं होतं. पेनामुळेच असणार.

१० जानेवारी

सुट्टी. दुखलं नाही.

१३ जानेवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे आमचे केंद्रप्रमुख. पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. एक संस्था लहान अग्निशमन केंद्रांना बचावाची साधनं घ्यायला अनुदान देते. अर्ज फेब्रुवारीअखेर पोहोचला पाहिजे.

"आपल्याला कटर मागायचाय," ते म्हणाले.

अपघातात गाडी चेपली की पत्रा कापून, दार फाकवून आतला माणूस बाहेर काढायचं ते यंत्र. आमच्याकडे पहार, साखळी, जॅक आणि हाताने चालवायची करवत. कटर आहे तो साठ किलोमीटरवरच्या शहरात.

"साहेब, मी बंबावरचा माणूस. मला कुठे अर्ज-बिर्ज येतात?"

"बंबावर तू जातोस कुठे?" म्हणाले. मग त्यांनाच कसंसं झालं असावं. "अक्षर बरं आहे तुझं. मनगट बरं होईपर्यंत कर."

साहेबांच्या केबिनचं दार आपोआप लागतं. मी खुर्चीचा पाय दारात अडकवून बसलो. त्या खोलीत हवाच येत नाही. त्यांना कसं जाणवत नाही कोण जाणे.

२१ जानेवारी

अर्ज चौदा पानांचा. हद्दीतली लोकसंख्या किती, महामार्ग किती किलोमीटर, वर्षभरात वर्द्या किती, सगळं भरलं. जुनी रजिस्टरं काढली, धूळ नाकात गेली, पण मजा आली. सात वर्षांत गाडीत माणूस अडकल्याच्या एकतीस वर्द्या.

नववा प्रश्न राहिलाय. 'गरज. साधन नसल्यामुळे काय घडले, अशी एक घटना तीनशे शब्दांत लिहा.' तो शेवटी लिहीन.

जेवताना अर्ज वाचत होतो तर लेक म्हणाली, "बाबा, हात अजून लांब करा, म्हणजे शेजारच्यांनाही वाचता येईल." मायलेकी हसल्या. डोळे तपासून घ्या म्हणून बायको मागे लागलीये. मी म्हटलं, उजेड कमी आहे. तपासणी-बिपासणीला मी जाणार नाही.

२८ जानेवारी

मनगट दुखलं : सकाळी, पंधरा मिनिटं. पाना घ्यायला आला होता तेव्हा. पाना म्हणजे आमच्या बंबाचा ड्रायव्हर. खिशात कायम पाना असतो म्हणून ते नाव. नवीन गाडी घेतलीये त्याने. "बस मागे, सोडतो," म्हणाला. मी म्हटलं, चालतच जातो, चालणं चांगलं. रोज चार किलोमीटर होतात. डॉक्टरही चालाच म्हणतात.

"तीन महिने चालतोयस," पाना म्हणाला. "मॅरेथॉनला नाव दिलंयस का?"

बायकोची नवीन कुरकुर : मी आंघोळीला जाताना कडी लावत नाही. तिला सांगितलं, कडी घट्ट झालीये. ती उठून गेली, एका बोटाने कडी सरकवून दाखवली आणि परत आली.

४ फेब्रुवारी

नववा प्रश्न लिहिला. एकतीस वर्द्यांचं कोष्टक केलं, सरासरी वेळ काढली. सोबत अहवाल जोडायचे होते, मागच्या वर्षीचे सगळे जोडले. साहेबांनी वरवर पाहून सही केली. प्राथमिक तपासणीसाठी पाठवलं.

७ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे. त्यांनी वही वाचली, पुन्हा पहिल्या पानावर गेले. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "ही तुम्ही स्वतः वाचलीत का?"

मी म्हटलं, मीच लिहिलीये, मला वाचायची काय गरज?

त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर दिलं. ते हाडांचे नाहीत असं पानाने सांगितलं. चिठ्ठी वहीत ठेवलीये.

११ फेब्रुवारी

संस्थेतल्या बाईंचा फोन आला. गोड बोलतात, पण काही सोडत नाहीत.

"आकडे उत्तम आहेत तुमचे. पण घटना कुठाय?"

मी म्हटलं, एकतीस आहेत.

"त्यातल्या सत्तावीस जणांना तुम्ही साध्या साधनांनी जिवंत काढलंत, अभिनंदन. तिघांच्या बाबतीत शहरातला कटर वेळेत पोहोचला. राहिली एक, चौदा ऑक्टोबरची. त्या अहवालात लिहिलंय, 'पथक पोहोचण्यापूर्वीच चालक महिलेचा मृत्यू.' मग कटर असता तरी काय फरक पडला असता? आमची समिती हेच विचारेल. तुमचा अर्ज मला आवडलाय, पण गरज दिसत नाही त्यात."

त्यांना वाटलं फोन कट झाला. दोनदा "हॅलो" म्हणाल्या. मी ठेवला.

मनगट : दोन तास.

१२ फेब्रुवारी

लिहून टाकतो. वही माझीच आहे.

चौदा ऑक्टोबरला आम्ही पोहोचलो तेव्हा ती जिवंत होती. एकतीस वर्षांची, डोळे तपासणारी. एका शाळेच्या शिबिराला निघाली होती. वळणावर ट्रकने गाडी कठड्यावर दाबली. मागे चष्म्यांची खोकी होती, ती फुटून रस्ताभर चष्मे. चालताना पायाखाली कडकड वाजत होते. तिच्या मांड्यांवर पुढचा सगळा भाग चेपून बसलेला.

मान हलू द्यायची नसते. म्हणून मी फुटक्या काचेतून मागच्या सीटवर शिरलो आणि मागून तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. उजव्या हाताची बोटं जबड्याखाली, नाडीवर. बाहेर पाना आणि बाकीचे पहार लावत होते, करवत चालवत होते. तीन पाती तुटली. शहरातला कटर निघालाय, निघालाय, असं वायरलेसवर येत होतं. रस्त्यात कुठेतरी अडकला होता.

आम्ही पोहोचलो दहा बावन्नला. ती गेली बारा पस्तीसला. कटर आला बारा अठ्ठेचाळीसला.

तिच्या वडिलांकडे मीच गेलो. त्यांनी दार उघडलं आणि माझा गणवेश बघून विचारलं, "तिला त्रास झाला का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही. लगेच. आम्ही पोहोचण्याआधीच." ते खाली बसले आणि म्हणाले, "बरं झालं." माझे हात धरले.

साहेबांना सांगितलं. त्यांनी बराच वेळ पेन फिरवत ठेवलं आणि म्हणाले, "तू त्यांना सांगितलंस तेच कागदावर असू दे. उद्या अहवाल त्यांच्या हाती लागला तर?" त्यांनी लिहिलं, मी सही केली.

नोव्हेंबरमध्ये वडिलांचं पत्र आलं होतं केंद्राला. सुंदर अक्षरात आभार मानले होते. ते अजून सूचनाफलकावर आहे.

१४ फेब्रुवारी

साहेबांशी बोललो. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. मी उभाच राहिलो, दाराला पाठ लावून.

"अहवाल दुरुस्त करायचा म्हणजे खोटा दिला होता हे कबूल करायचं," ते म्हणाले. "चौकशी लागेल. तुला, मला, दोघांना. माझं दीड वर्ष राहिलंय. आणि तो बाप? त्याला काय सांगणार, मुलगी पावणेदोन तास..." पुढचं त्यांनी गिळलं.

"मग कटर?"

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षीही तोच अहवाल जोडावा लागेल, साहेब."

"तू बाहेर जा," ते म्हणाले. ओरडले नाहीत.

खरं सांगावं तर बापाचं सुख जातं. न सांगावं तर कटर जातो आणि त्या वळणावर पुन्हा कोणीतरी अडकणारच. दोन्हीकडून दाबलं गेलंय. आणि दाबणारा मीच, तोंडातून एक वाक्य काढून.

१६ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं. ती लाँड्रीच्या काउंटरवर काम करते, तिथे दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून तिथेच गेलो. सगळं सांगून झाल्यावर मी वाट बघत होतो की ती हादरेल.

ती शर्टांना चिठ्ठ्या लावत राहिली. "मला माहीत होतं," म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"गणवेश मी धुतला होता, अहो. आधीच गेलेल्या माणसाला बाहेर काढताना असे डाग पडत नाहीत. छातीपासून कोपरापर्यंत होते. कोणाला तरी खूप वेळ धरून बसल्याचे." मग म्हणाली, "चार महिने वाट बघतेय, तुम्ही कधी सांगताय याची."

"म्हणजे जाऊ का त्यांच्याकडे?"

"अर्जासाठी जाणार असाल तर नका जाऊ."

हे मला नीट कळलं नाही. अर्जासाठीच तर जायचंय.

१९ फेब्रुवारी

गेलो.

तिसरा मजला. लिफ्ट होती, मी जिन्याने गेलो. तिचे वडील सत्तरीचे, नकाशे काढायच्या खात्यातून निवृत्त झालेले. एकटेच राहतात. टेबलावर पेन्सिली लांबीप्रमाणे ओळीने लावलेल्या. मला बघून चेहरा उजळला त्यांचा. "या, या. चहा टाकतो."

मी म्हटलं, "काका, आधी ऐका. मी तुमच्याशी खोटं बोललो होतो."

उभ्या उभ्या सगळं सांगितलं. संपल्यावर त्यांनी विचारलं, "किती वाजता पोहोचलात?"

"दहा बावन्न."

"आणि?"

"बारा पस्तीस."

"एक तास त्रेचाळीस मिनिटं." त्यांना हिशेब करावा लागला नाही. "शुद्धीवर?"

"सव्वाबारापर्यंत."

"बोलली?"

"हो."

"काय बोलली ते सांगा. क्रमाने."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. पहिल्यांदा म्हणाली, शाळेला फोन करा, चाळीस मुलं रांगेत थांबलीत. मग मी डावा हात क्षणभर सोडून तिचं ओळखपत्र वाचत होतो ते तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "केवढं लांब धरलंय! जवळचं दिसत नाही तुम्हाला. या एकदा, तपासून देते." मी म्हटलं, येतो. मग थंडी वाजतेय म्हणाली. आणि शेवटी, "बाबांना जेवणाआधी सांगू नका. दीडला जेवतात. आधी सांगितलंत तर दिवसभर उपाशी राहतील."

काका भिंतीकडे बघत होते.

"म्हणून तुम्ही खाली उभे होता," ते म्हणाले. "शेजारीण म्हणाली होती मला. अग्निशमनवाला अर्धा तास फाटकापाशी उभा होता म्हणून. मला वाटलं, वर यायची हिंमत होत नसेल."

मी मान हलवली. तीही नव्हतीच होत.

"आणि आज का आलात?"

मी पिशवीतून संमतिपत्र काढलं. कुटुंबाची सही लागते, त्याशिवाय घटना अर्जात घालता येत नाही. कागद पुढे केला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा कागद मी आत्ता काढायला नको होता.

त्यांनी कागदाला हातही लावला नाही. चालत जाऊन दार उघडलं. "जा तुम्ही."

२० फेब्रुवारी

सही नाही. मागणारही नाही. सूचनाफलकावरचं पत्र काढून खणात ठेवलं.

मनगटाचं आज लक्षातच राहिलं नाही.

२४ फेब्रुवारी

दुपारी काका केंद्रावर आले. मी टेबलावर होतो, साहेब त्यांच्या केबिनच्या दारात. काकांनी कोणाला नमस्कार केला नाही. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"चार महिने मला झोप लागत होती," माझ्याकडे बघून म्हणाले. "तिला काही कळलं नाही, या एका गोष्टीवर. ती तुम्ही काढून घेतलीत. पाच दिवस डोळ्याला डोळा नाही."

"हो, काका."

"तुम्हाला वाटलं, म्हातारा खरं ऐकून मोडेल."

"हो."

"मोडलोच. पण एक विचारतो. ती एकटी नव्हती, हे का नाही सांगितलंत? माझ्या डोळ्यांपुढे चार महिने ती रिकाम्या रस्त्यावर, एकटी, गाडीत. लगेच गेली, तरी एकटी गेली. कोणीतरी तिचं डोकं धरून बसलं होतं, तिच्याशी बोलत होतं, हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत. दयेच्या पोटी!"

मी खुर्चीतून उठलो.

त्यांनी घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. संमतिपत्र नव्हतं, त्यांनी स्वतः लिहिलं होतं. दहा बावन्नपासून बारा पस्तीसपर्यंत, मी सांगितलं तसं, मिनिटांसकट. खाली सही. तिचं नाव कुठेही नाही.

"वेळा बरोबर आहेत का बघा. आणि यंत्र आलं तर मला कळवा."

ते गेल्यावर साहेबांनी कागद वाचला. आत नेला. तासाभराने बोलावलं तेव्हा दुरुस्तीचा अहवाल टाइप झालेला होता. मी वाचला. 'मूळ नोंद माझ्या सूचनेवरून चुकीची करण्यात आली.' सूचना त्यांची, सही त्यांची.

"साहेब, वाक्य माझं होतं."

"तू बापाला बोललास. सरकारी कागदावर मी लिहिलं," ते म्हणाले. "दार उघडं ठेवून जा, तुला तसंच लागतं."

मला काही तसं लागत नाही. हवेसाठी ठेवतो.

२६ फेब्रुवारी

नववा प्रश्न पुन्हा लिहिला. दोनशे शहाण्णव शब्द. पाठवला.

२२ एप्रिल

मंजूर. बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. पाना टेबलावर चढून नाचला, टेबलाचा पाय गेला.

त्याच आठवड्यात चौकशीचा निकाल. माझ्या सेवापुस्तकात शेरा, बढती दोन वर्षं लांबली. साहेबांची बदली मध्यवर्ती भांडारात. निरोप समारंभ नको म्हणाले. जाताना मला म्हणाले, "तिथल्या खोलीला चार खिडक्या आहेत. ये कधी."

३० एप्रिल

चिठ्ठीवरच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. बायको बरोबर होती. त्यांनी मनगट बघितलंच नाही, वही वाचली. मला म्हणाले, पानाच्या गाडीत शेवटचा कधी बसलात? मी म्हटलं, त्याचा काय संबंध? बायको खिडकीबाहेर बघत होती.

८ जून

आज कटर चालवायचं प्रशिक्षण. यंत्राबरोबर एक प्रशिक्षक आला होता. भंगारातून एक चेपलेली गाडी आणली, चालकाच्या जागी वाळूचं पोतं बांधलं. काकांना कळवलं होतं. टोपी घालून वेळेआधी आले आणि दोरीच्या पलीकडे उभे राहिले.

प्रशिक्षक म्हणाला, "एकाने मागे बसून डोकं धरायचं. कोण?"

सगळ्यांनी कुठेकुठे बघितलं, पण माझ्याकडे नाही.

"माझं मनगट," मी म्हटलं.

"मनगटाला काय करायचंय, नुसतं धरून तर बसायचंय."

पाना पुढे झाला. "मी बसतो. तू घड्याळ लाव."

मी घड्याळ लावलं. यंत्र सुरू झालं. पत्रा कापताना वाटलं होतं खूप आवाज होईल, तेवढा झाला नाही. छताचे खांब तुटले, दार निघालं, पुढचा भाग उचलला गेला. पोतं बाहेर.

काका जवळ आले. "किती?"

"अकरा मिनिटं."

"दहा बावन्न आणि अकरा," म्हणाले. "अकरा वाजून तीन मिनिटं. तेव्हा काय बोलत होती?"

"शाळेला फोन करा म्हणत होती."

त्यांनी टोपी काढली, आतल्या बाजूला बघितलं, पुन्हा घातली. मग प्रशिक्षकाकडे वळून म्हणाले, "अकरा जास्त आहेत. पुन्हा करा."

गाडीची दुसरी बाजू शाबूत होती. पोतं पुन्हा बांधलं. पाना मागे शिरायला निघाला तेव्हा मी त्याचा खांदा धरला. का ते माहीत नाही. घड्याळ काकांच्या हातात दिलं आणि आत बसलो. पोत्याला दोन्ही हातांनी धरलं.

पानाने दाराला हात लावला. "लावू?"

माझं मनगट ठणकत होतं. मी म्हटलं, "लाव."

आठ मिनिटं चाळीस सेकंद लागले, असं काकांनी सांगितलं. मी आत सारखा बोलत होतो, असं पाना म्हणतो. पोत्याला सांगत होतो, झालंच, आलेत ते, निघालोच आपण. मला आठवत नाही.